स्मरणाचे विश्वस्त

हृदय आणि स्मृती यांची सांगड माणसाने फार प्राचीन काळापासून घातली आहे. प्रिय व्यक्तीची आठवण आपण हृदयात जपतो, कुणाचे उपकार हृदयावर कोरून ठेवतो. लॅटिन भाषेत ‘आठवणे’ या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्याच्या पोटात हृदयवाचक शब्दच दडलेला आहे. मेंढपाळांनी सांगितलेले ते अद्भुत वर्तमान पवित्र मरियेने आपल्या अंतःकरणात साठवून ठेवले, असे संत लूक लिहितो. पुढे १६२८ साली विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने रक्ताभिसरणाचा शोध ग्रंथरूपाने मांडला आणि हृदय हे रक्त पुढे ढकलणारे स्नायूंचे यंत्र ठरले. स्मृतीचा मुक्काम मेंदूत हलला. भाषेने मात्र आपला जुना समज सोडला नाही. आज हृदयावरील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांची स्मृती डळमळते, चित्त विस्कटते, तेव्हा हृदय आणि स्मृती यांचे नाते ही अगदीच कविकल्पना नव्हती, असे वाटू लागते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील आपल्या धर्मग्रामांत वसई, नगर, गोवा, मंगळूर, केरळ अशा नाना ठिकाणांहून आलेली कुटुंबे वसली आहेत. घरातील कर्ती माणसे सकाळची लोकल पकडतात आणि रात्री उशिरा परततात. अशा एखाद्या घरातील साठी-सत्तरीच्या गृहस्थांवर बायपास होते. एकेकाळी त्यासाठी परळ किंवा भायखळा गाठावे लागे. आता ती ठाण्यातही होते. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचे डॉक्टर सांगतात आणि ते खरेही असते. साधारण आठवडाभरात रुग्ण घरी येतो. छातीवरील जखम भरू लागते. पण घरच्यांच्या ध्यानात येते की, तेच तेच प्रश्न पुन्हा विचारले जात आहेत. वर्तमानपत्रातील एक रकाना वाचून होत नाही. शेजाऱ्याचे नाव ओठांवर येऊन थांबते. जपमाळेच्या दशकातील कितवी ‘नमो मरिया’ चालू आहे, हे कळेनासे होते. पत्नीच्या मनात एक प्रश्न येतो, जो ती कुणापाशी बोलत नाही: परत आलेला हा माणूस तोच आहे ना? आणि मुले स्वयंपाकघरात हलक्या आवाजात बोलू लागतात की, बँकेचे व्यवहार आता बाबांकडे ठेवावेत की नाही.

या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे. पहिला तत्त्वज्ञानाचा आहे: स्मृती ढळली तर माणूस ‘तोच’ राहतो का? दुसरा नीतीचा आहे: त्याची स्मृती दुबळी असताना आपल्या हाती जो अधिकार आपसूक येतो, त्याचे आपण काय करावयाचे? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तथापि त्यांच्याकडे वळण्यापूर्वी वैद्यकशास्त्र काय सांगते, हे समजून घेणे आवश्यक आहे. कारण वस्तुस्थिती नीट न जाणता केलेला नैतिक विचार बहुधा भीतीवर उभा असतो.

६ मे १९५३ रोजी अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातील छिद्र बंद केले. तेवढा वेळ तिच्या हृदयाचे व फुप्फुसांचे काम एका यंत्राने केले. या ‘हार्ट-लंग’ यंत्रामुळे हृदय थांबवून त्यावर शांतपणे काम करणे शक्य झाले आणि त्यानंतर लक्षावधी माणसांना जीवदान मिळाले. परंतु मेंदू हा मोठा मानी अवयव आहे. त्याचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू तो एकटाच वापरतो. यंत्रावर असताना रक्ताचा दाब व तापमान बदलते. महारोहिणीला चिमटा लावताना व काढताना तिच्या आतील कठीण थरांचे सूक्ष्म कण सुटून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हवेचे बारीक बुडबुडेही जाऊ शकतात. यंत्राच्या नळ्यांशी रक्ताचा संबंध आल्याने शरीरभर दाह उसळतो. त्यात भुलीच्या औषधांची, वेदनांची, अतिदक्षता विभागातील जागरणांची भर पडते. आणि हे सारे ज्या मेंदूवर होते, त्याच्या रक्तवाहिन्या बहुधा वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने किंवा रक्तदाबाने आधीच जीर्ण झालेल्या असतात.

शस्त्रक्रियेनंतर वृद्ध माणसे ‘पहिल्यासारखी राहिली नाहीत’ अशी नातेवाइकांची तक्रार डॉक्टरांना नवी नव्हती. १९५५ साली बेडफर्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तिची गंभीरपणे दखल घेतली. २००१ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी बायपास झालेल्या २६१ रुग्णांच्या बौद्धिक चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा मोठी खळबळ उडाली. रुग्णालयातून घरी जाताना ५३ टक्के रुग्णांत घसरण दिसली. सहा आठवड्यांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आणि सहा महिन्यांनी २४ टक्क्यांवर उतरले. पाच वर्षांनी मात्र ते पुन्हा ४२ टक्के झाले. हा शेवटचा आकडा वाचून अनेकांनी यंत्रालाच दोषी ठरविले.

पुढील अभ्यासांनी हा निष्कर्ष बराच सौम्य केला. नेदरलँड्समध्ये यंत्रावर केलेली बायपास आणि धडधडत्या हृदयावर यंत्राविना केलेली बायपास यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील बौद्धिक घसरणीचे प्रमाण सारखेच, सुमारे ५० टक्के निघाले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी बायपास झालेल्या रुग्णांची तुलना, हृदयविकार असूनही शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णांशी केली. सहा वर्षांनी त्यांच्यातही लक्षणीय फरक आढळला नाही. निरोगी हृदयाच्या माणसांपेक्षा मात्र हे सगळेच थोडे मागे होते. याचा अर्थ असा की, शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतील विस्मरण खरे असते. बहुसंख्य रुग्णांत ते काही महिन्यांत ओसरते. आणि अनेक वर्षांनंतर जी घसरण दिसते, तिचे मूळ पुष्कळदा शस्त्रक्रियेत नसून रक्तवाहिन्यांच्या जुन्या विकारात व वाढत्या वयात असते. काही थोड्या रुग्णांना शस्त्रक्रियेच्या वेळी किंवा नंतर पक्षाघात होतो. त्यांची गोष्ट वेगळी. तिच्याकडे आपण पुढे येऊ.

या सर्वांहून निराळी अशी आणखी एक अवस्था असते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत, विशेषतः रात्री, रुग्ण बरळू लागतो. भिंतीवर माणसे दिसतात, परिचारिका आपल्याला डांबून ठेवते आहे असे वाटते, हाताची सुई उपटून टाकली जाते. वैद्यकीय भाषेत याला डेलिरियम म्हणतात; आपले जुने लोक ‘वात झाला’ म्हणत. काही रुग्णांत याच्या उलट चित्र दिसते: ते अगदी गप्प, सुस्त पडून राहतात आणि म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हृदयशस्त्रक्रिया झालेल्या वयस्क रुग्णांत ही अवस्था मुळीच विरळा नाही. हे वेड नव्हे. मेंदूवर पडलेल्या ताणाचे ते तात्पुरते लक्षण असते. त्या अवस्थेत उच्चारलेल्या कठोर शब्दांचा हिशेब पत्नीने वा सुनेने मनात ठेवू नये. कारण जो बोलला त्याला पुढे ते आठवतही नसते, आणि आठवले तर लाज वाटते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. माणसाचे ‘तेच’पण कशात असते? सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने उत्तर दिले की, ते जाणिवेत असते. भूतकाळातील जे कृत्य मला माझे म्हणून आठवते, तिथपर्यंतच मी पसरलेला असतो. हे उत्तर आजही अनेकांना पटते. मात्र त्याचा अर्थ असा होतो की, जेवढी स्मृती गेली तेवढा माणूस गेला. पुढच्या शतकात थॉमस रीड या स्कॉटिश विचारवंताने एका साध्या दाखल्याने त्यातील अडचण दाखविली. एका मुलाने बागेतील फळे चोरली म्हणून त्याला मार बसला. तोच मुलगा पुढे अधिकारी होऊन रणांगणावर शत्रूचे निशाण जिंकतो. वृद्धपणी तोच सेनापती होतो. अधिकाऱ्याला बालपणीचा मार आठवतो. सेनापतीला निशाण आठवते, मार मात्र आठवत नाही. लॉकच्या मते सेनापती आणि अधिकारी एकच, अधिकारी आणि मुलगा एकच. पण सेनापती आणि मुलगा एक नव्हेत! हे विचित्र आहे. म्हणजेच स्मृती हा आपल्या एकत्वाचा एक पुरावा आहे, त्याचा पाया नव्हे. पुरावा हरवला म्हणून वस्तू नाहीशी होत नाही.

ख्रिस्ती विचारपरंपरेने हा प्रश्न याहून खोलवर नेला आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाब’ या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीचा जो शोध घेतला, तसा क्वचितच कुणी घेतला असेल. स्मृतीच्या विस्ताराने ते थक्क होतात आणि कबूल करतात की, स्वतःचा संपूर्ण ठाव आपल्यालाच लागत नाही. ज्याला आपण ‘मी’ म्हणतो, तो आपल्या आठवणींच्या मुठीत मावणारा नसतोच. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तर जवळजवळ आपल्याच विषयावर लिहून ठेवले आहे. शरीराच्या इंद्रियाला इजा झाल्याने स्मृतीचे काम अडले, तर माणसाला पूर्वी ठाऊक असलेल्या गोष्टींचाही विचार करता येत नाही, असे निरीक्षण ते नोंदवितात. पण त्यांच्या मते अडते ते काम. आत्मा हा देहाला जिवंत करणारे तत्त्व आहे. तो तुकड्यातुकड्याने झिजत नाही. वीणेची तार सैल झाली तर सूर बिघडतो, वादक बदलत नाही. म्हणून घरी परतलेल्या त्या गृहस्थांच्या पत्नीला ठामपणे सांगता येईल: होय बाई, हे तेच आहेत.

परंतु एवढ्याने समाधान होत नाही. वादक तोच आहे हे मान्य केले, तरी बिघडलेल्या सुरांचे काय? येथे आपल्या श्रद्धेतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ख्रिस्ती जीवनात स्मरण हे कधीच एकट्याने वाहायचे ओझे मानलेले नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने आपल्या स्मरणाची आज्ञा दिली, ती एकत्र बसलेल्या शिष्यांना. म्हणूनच मिस्साबलीत प्रभूचे स्मरण आपण एकट्याने नव्हे, तर मेजाभोवती जमून करतो. ज्याला त्या दिवशी काही आठवत नाही, त्याच्या वतीने शेजारचा उभा असतो.

आपल्या ठाण्याचाच दाखला घ्यावा. १३२१ साली तोलेंतिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्री या चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना ठाणे येथे हौतात्म्य आले. स्वतःची कहाणी सांगायला ते उरले नाहीत. त्यांचे सहप्रवासी, डोमिनिकन संघाचे जॉर्डन, यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. पुढे धन्यवादित ओडोरिक यांनी त्यांच्या अस्थी चीनपर्यंत वाहून नेल्या आणि त्यांचा वृत्तान्त लिहून ठेवला. सातशे वर्षांनंतर आज आपण त्यांची नावे उच्चारतो, ती इतरांनी त्यांच्यासाठी केलेल्या स्मरणामुळे. हुतात्म्यांच्या बाबतीत जे खरे, तेच लहान प्रमाणात आपल्या घरातील दुबळ्या झालेल्या माणसाच्या बाबतीत खरे आहे. ज्याला स्वतःचे स्मरण नीट ठेवता येत नाही, त्याच्यासाठी ते इतरांनी ठेवायचे असते.

धर्मसभेच्या कायद्यातही हीच दृष्टी आढळते. रुग्णांचा तैलाभ्यंग संस्कार अशा आजाऱ्याला द्यावा, असे १९८३ च्या कॅनन कायद्याचे १००६ वे कलम सांगते, ज्याने शुद्धीवर असताना निदान अप्रत्यक्षपणे तरी त्याची इच्छा दर्शविली होती. म्हणजे आजाऱ्याला आज बोलता आले नाही, तरी त्याने काल काय इच्छिले असते, हे धर्मसभा विसरत नाही. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी हा संस्कार घेणे उचित आहे, असे धर्मशिक्षणग्रंथही सांगतो. तो केवळ मरणाऱ्यांचा संस्कार आहे, हा समज अजून आपल्या घरांतून पुरता गेलेला नाही. तो जायला हवा.

आता दुसरा, नीतीचा प्रश्न. दुसऱ्याचे स्मरण सांभाळणे म्हणजे नेमके काय? येथे दोन वृत्ती संभवतात आणि बाहेरून त्या बऱ्याच सारख्या दिसतात. एकीला सांभाळ म्हणावे, दुसरीला ताबा. सांभाळणारा हा विश्वस्त असतो: वस्तू त्याच्या हाती असते, पण ती दुसऱ्याची आहे आणि वेळ येताच परत करायची आहे, याची आठवण त्याला असते. ताबा घेणाऱ्याला हे आठवत नाही. आजाऱ्याचे विस्मरण आपण मोजतो. हे दुसरे विस्मरण मात्र सहसा कुणी मोजत नाही.

सांभाळ कसा असावा याचे एक उदाहरण आपल्या सार्वजनिक जीवनात आहे. २४ जानेवारी २००९ रोजी तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्यावर दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयात बायपास झाली. शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाचे नेतृत्व मुंबईच्या एशियन हार्ट इन्स्टिट्यूटचे डॉ. रमाकांत पांडा यांच्याकडे होते. सिंग तेव्हा ७६ वर्षांचे होते आणि ही त्यांची दुसरी बायपास होती. पहिली १९९० साली ब्रिटनमध्ये झाली होती. पुढच्याच वर्षी, २४ जुलै १९९१ रोजी, अर्थमंत्री या नात्याने त्यांनी देशाची आर्थिक दिशा बदलणारा अर्थसंकल्प मांडला. २००९ च्या शस्त्रक्रियेच्या काळात मंत्रिमंडळाच्या बैठकांचे अध्यक्षपद प्रणव मुखर्जी यांच्याकडे सोपविण्यात आले. पंतप्रधान बरे होऊन परतले, तेव्हा ते काम त्यांच्याकडे परत गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली. एका उदाहरणाने वैद्यकीय सिद्धान्त सिद्ध होत नाही, हे खरे. पण एका देशाचा कारभार जर मुदतीपुरता सोपवून पुन्हा परत देता येतो, तर दोन खोल्यांच्या घराचा कारभार का देता येऊ नये?

प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा उलटे घडते. हृदयशस्त्रक्रियेनंतर पहिले काही आठवडे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची मात्रा चुकू नये, गॅस उघडा राहू नये, एटीएमचा क्रमांक भलत्याला सांगितला जाऊ नये, म्हणून घरच्यांनी लक्ष घालणे योग्यच आहे. पण औषधाच्या डबीपासून सुरू झालेला हा कारभार कपाटाच्या किल्लीवर, तेथून चेकबुकावर आणि तेथून जागेच्या कागदपत्रांवर जातो. सहा महिन्यांनी गृहस्थ पुरते सावरलेले असतात. कपाटाची किल्ली मात्र सावरलेली नसते. सगळे त्यांच्याशी गोड बोलतात, त्यांना विचारत मात्र कुणी नाही.

कायद्याने याबाबत विवेक दाखविला आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १२ व्या कलमात दाखलाच दिला आहे की, एरवी शहाणा असलेला माणूस तापाच्या भरात बरळत असेल, तर तेवढ्या काळापुरता त्याला करार करता येत नाही. ‘तेवढ्या काळापुरता’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. आपणा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा ५९ व्या कलमात दोन्ही बाजू सांगतो: आजारामुळे आपण काय करीत आहोत हेच ज्याला कळत नाही, त्याला त्या अवस्थेत मृत्युपत्र करता येत नाही, परंतु अत्यंत क्षीण झालेला असूनही ज्याची विवेकबुद्धी जागी आहे, त्याचे मृत्युपत्र वैध आहे. म्हणजे अतिदक्षता विभागात अंगठा घेणे जसे चूक, तसेच हात थरथरतो म्हणून माणसाला नादान समजणेही चूक.

विश्वस्ताचे काम खरे तर शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू व्हायला हवे. डॉक्टर जोखीम समजावू लागले की, मुले त्यांना बाजूला घेऊन विनवतात, ‘बाबांना यातले काही सांगू नका, ते घाबरतील.’ या विनवणीत प्रेम असते, यात शंका नाही. तथापि पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे केलेल्या भाषणात स्पष्ट केले होते की, रुग्णावर डॉक्टरचा स्वतंत्र असा हक्क नसतो. रुग्णाने उघड किंवा गृहीत संमती दिली तरच डॉक्टरला पाऊल उचलता येते. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ साली एका निकालात सांगितले की, रुग्णाला निर्णय घेण्यास पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. ज्याच्या छातीवर सुरी चालणार, त्यालाच अंधारात ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

भीतीचा आक्षेप मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. घाबरून एखाद्याने आवश्यक शस्त्रक्रिया नाकारली तर? यावर उपाय सत्य लपविण्याचा नसून ते प्रमाणात सांगण्याचा आहे. ‘काही आठवडे विसरायला होईल, मन लागणार नाही, कदाचित रात्री भास होतील, बहुतेकांचे हे निघून जाते, आम्ही जवळ असू,’ एवढे सांगितले तर पुरे. असे सांगितल्याचा मोठा फायदा असा की, ते दिवस आले म्हणजे आजाऱ्याला आपण वेडे होत आहोत असे वाटत नाही. शिवाय शस्त्रक्रियेपूर्वी, मन स्वच्छ असताना, त्यालाच विचारावे की, या काळात कुणी काय पाहायचे आणि ते केव्हा परत द्यायचे. आपला विश्वस्त नेमण्याचा हक्क मुळात त्याचा आहे.

नंतरचा सांभाळ ही तर अगदी साध्या गोष्टींची सेवा आहे. १९९९ साली येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये व सहकाऱ्यांनी रुग्णालयातील सत्तर वर्षांवरील ८५२ रुग्णांवर एक प्रयोग केला. हे रुग्ण हृदयशस्त्रक्रियेचे नव्हते, पण त्यांतील धडा आपल्यालाही लागू आहे. एका गटातील रुग्णांना दररोज वार-तारीख सांगितली, चष्मा व श्रवणयंत्र हाताशी ठेवले, पाणी वेळेवर पाजले, लवकर चालविले आणि रात्री निवांत झोपू दिले. नेहमीच्या गटात १५ टक्के रुग्णांना डेलिरियम झाला; या गटात ९.९ टक्के. यांत महागडे असे काहीच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजचा दिवस दाखविणे, ‘आज गुरुवार, काल फादर येऊन गेले’ असे सहज सांगणे, चष्म्याची काच पुसून देणे, संध्याकाळी जिन्याच्या पायरीपर्यंत हात धरून नेणे, हेच ते स्मरणाचे विश्वस्तपण. मात्र दिवसभर कुलूपबंद घरात एकटे बसून हे होत नाही. कर्ती माणसे लोकलमध्ये असताना शेजारच्यांनी अर्धा तास येऊन बसावे, संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांनी चौकशी करावी, मिस्साला येऊ न शकणाऱ्याला पवित्र कम्युनियन घरी पोहोचावे. धर्मग्राम हा शब्द आपण वापरतो, त्यातील ‘ग्राम’ तो हाच.

विश्वस्ताला आणखी एका मोहापासून सावध राहावे लागते. ज्याला आठवत नाही, त्याच्याविषयी काहीही सांगणे सोपे असते. ‘बाबांनीच कबूल केले होते की जागा माझ्या नावावर करीन,’ असे एक मुलगा म्हणतो. ‘ते पहिल्यापासूनच तापट,’ असे दुसरा म्हणतो. आणि बिचारे बाबा गोंधळून मान हलवितात. दुसऱ्याच्या स्मृतीत आपल्या सोयीची भर घालणे ही खोटी साक्ष आहे. तिच्याविरुद्ध दहा आज्ञांपैकी एक आज्ञा खर्ची पडली आहे. आजाऱ्यासाठी आपण जे आठवून ठेवतो, ते त्याच्या बाजूने नव्हे की आपल्याही बाजूने नव्हे, तर सत्याच्या बाजूने असावे लागते.

स्वतः आजाऱ्यालाही एक शब्द सांगायला हवा. श्रद्धावान माणसाला या काळात एक वेगळीच टोचणी लागते: प्रार्थनेत लक्ष लागत नाही, डोळे मिटले की झोप येते, चिडचिड होते, म्हणजे आपली श्रद्धाच आटली की काय? थकलेल्या मेंदूचे भरकटणे हे पाप नव्हे. जिथे जाणीव आणि इच्छा दुबळ्या झालेल्या असतात, तिथे जबाबदारीही तेवढी कमी होते, ही धर्मसभेची शिकवण आहे. पाच दशके पूर्ण होत नसतील तर एक म्हणावे. तेही जमत नसेल तर माळ हातात धरून बसावे. बाकीची घरातील माणसे म्हणतील. उदासी मात्र फार दिवस रेंगाळली, तर ती डॉक्टरांना जरूर सांगावी. हृदयविकारानंतर येणारे नैराश्य हाही आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत.

आता ज्यांच्याकडे पुढे येऊ म्हटले होते, त्यांच्याकडे येऊ. काहींची स्मृती परत येत नाही. पक्षाघाताने वाचा जाते, किंवा हळूहळू सारेच अंधारत जाते. विश्वस्ताने ठेव परत द्यावी असे आपण म्हटले. पण घ्यायला मालकच परतला नाही तर? इथे आपल्या विचाराची खरी कसोटी आहे. माणसाचे मोल त्याच्या आठवणींत असते, असे मानले तर अशा माणसापाशी बसणे निरर्थक ठरेल. पण आपण तसे मानत नाही. आईला एक वेळ आपल्या तान्ह्याचा विसर पडेल, परंतु देवाला आपला पडणार नाही, ही यशया संदेष्ट्याने दिलेली ग्वाही आहे. आपण देवाला किती आठवतो यावर आपले अस्तित्व उभे नाही. तो आपल्याला आठवतो यावर ते उभे आहे. तेव्हा अशा माणसाची ठेव आपण सांभाळतो, ती शेवटी त्या मोठ्या स्मरणकर्त्याच्या हाती परत देण्यासाठी. मुदत लांबते, एवढेच. ताबा तर तिथेही आपला नसतोच.

हे लिहिणे सोपे आहे. रोज रात्री तीनदा उठणाऱ्या पत्नीला किंवा सुनेला ते जगणे कठीण आहे. तिचा संयम सुटतो, तेव्हा तिला उपदेशाची नव्हे, एका रात्रीच्या झोपेची गरज असते. ती झोप तिला मिळवून देणे, हे बाकीच्या भावंडांचे आणि धर्मग्रामाचे कर्तव्य आहे. स्मरणाचा भार एकाने वाहायचा नसतो, हे आजाऱ्याइतकेच त्याची शुश्रूषा करणारीलाही लागू आहे.

कालवरीच्या टेकडीवर प्रभूच्या शेजारी क्रुसावर टांगलेल्या गुन्हेगाराने मुक्तीची, सुटकेची, वेदनाशमनाची मागणी केली नाही. आपली आठवण ठेवावी, एवढेच त्याने मागितले. आपल्या घरातील माणूस शस्त्रक्रियेच्या खोलीत नेला जातो, तेव्हा स्ट्रेचरवरून आपल्याकडे वळून पाहताना त्याच्या डोळ्यांत बहुधा हीच मागणी असते. तो परत येईल तेव्हा त्याच्या ज्या गोष्टी आपल्यापाशी होत्या, त्या त्याच्या हाती द्याव्यात: त्याची औषधे, त्याची किल्ली, त्याचे नाव आणि त्याचा शब्द.